तीसपैकी अकरा

४ जानेवारी, रविवार

दादा,

तीन वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा आधी ख्यालीखुशाली विचारायला हवी. पण तू उत्तर देणार नाहीस हे दोघांनाही ठाऊक आहे, म्हणून कामाचं तेवढंच लिहिते. फोन करत नाही, कारण माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. तीनदा खात्री करून घेतली.

गेल्या सोमवारी धक्क्यावरून आमच्या प्रयोगशाळेत नमुन्याच्या पेट्या आल्या. दर पंधरवड्याला पाच बोटींच्या मालातले तीस-तीस मासे आमच्याकडे येतात. पेटीवर बोटीचा क्रमांक असतो, मालकाचं नाव नसतं. एका पेटीवर ११७ होतं. हा आकडा मी सहा वर्षांची असताना बाबांच्या खांद्यावर बसून म्हातारीवर रंगवला होता. बोटीला म्हातारी म्हणतात हे ऐकून आमच्या कचेरीत लोक हसतात. मी हसत नाही, आणि ती कुणाची आहे हेही सांगत नाही.

पेटीबरोबरच्या फॉर्मवर तुझ्या अक्षरात आहे: दक्षिण, खुला भाग. म्हणजे धक्क्यावरच्या भाषेत खालचं पाणी.

ते मासे खालच्या पाण्यातले नाहीत.

तू म्हणशील, माशावर काय पत्ता लिहिलेला असतो? असतो. वर आणि खाली मासा एकच, पण कुळं दोन, आणि एक कुळ सहसा दुसऱ्याच्या पाण्यात जात नाही. बाहेरून ती तुलाही ओळखता यायची नाहीत. आतून येतात. वरच्या बेटांवर सील आहेत. सीलच्या पोटातल्या किड्याची अंडी विष्ठेतून पाण्यात पडतात, तिथून कोळंबीसारख्या बारीक जिवांत जातात, तिथून माशात. माशाच्या यकृतावर त्याची अळी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळून बसते आणि मासा मरेपर्यंत जागा सोडत नाही. खाली सील नाहीत, म्हणून खालच्या शंभर माशांत दोन-तीन माशांतच ती सापडते. जो मासा वर वाढला तो ही खूण घेऊनच जाळ्यात येतो. आम्हाला त्याच्यावर शिक्का मारावा लागत नाही.

परवापर्यंत मी अकरा मासे तपासले. अळी अकराच्या अकरांत आहे. कमीत कमी चार, जास्तीत जास्त एकतीस.

वरचं पाणी चार वर्षं मासेमारीला बंद आहे. का बंद आहे ते तुला माहीत आहे, त्यावर मी लिहीत नाही. मी यंत्राबद्दल लिहिते आहे. बोट कुठे आहे ते किनाऱ्याला कळवणारं यंत्र, वर जाणारे सगळे दीपस्तंभ मागे पडला की बंद करतात. हे आमच्या कँटीनवाल्यालाही माहीत आहे. यंत्र बंद करून जानेवारीत वरच्या खडकांत गेलेली बोट अडकली, तर तिला खालच्या पाण्यात शोधतील. कारण फॉर्मवर तेच लिहिलेलं असेल.

नमुना अजून पूर्ण झालेला नाही. एकोणीस मासे शीतपेटीत आहेत. तोवर काहीतरी कळव.

मी घाबरलेली नाही. फक्त नोंद म्हणून सांगते.

तुझी बहीण


९ जानेवारी, शुक्रवार

दादा,

पहिलं पाकीट मी वहिनींच्या हाती दिलं होतं. आज त्या जाळ्यांच्या गोदामाच्या दारात भेटल्या.

"वाचलं का त्यानं?"

"पाकीट पाहिलं. अक्षर ओळखलं. मग जाळं विणायच्या सुयांचा डबा आहे ना, त्याच्याखाली सारून दिलं."

"उघडलं नाही?"

"नाही. म्हणाले, मोजपट्टीला म्हणावं, आधी समुद्र मोजून ये, मग माझी मापं काढ." आणि मग त्या हसल्या. "तुमच्या दोघांच्या भांडणात मी फुकटचं टपालखातं झालेय, ताई."

मोजपट्टी हे नाव अजून वापरात आहे, हे ऐकून बरं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण शाईनं लिहिते आहे.

मापांचं म्हणशील तर ते एकदा लिहूनच टाकते. मी तेव्हा प्रशिक्षणार्थी होते. जाळ्याच्या डोळ्याचं माप घ्यायची चपटी पाचर माझ्या हातात होती. बाबांच्या जाळ्याचा डोळा नियमापेक्षा नऊ मिलिमीटरनं लहान निघाला. तेव्हाचे साहेब माझ्याकडे पाहत होते. बाबाही पाहत होते. मी नऊ लिहिलं. म्हातारी हंगामभर धक्क्याला बांधून राहिली आणि हंगाम संपायच्या आत बाबा गेले. डॉक्टरांनी कारण हृदय लिहिलं. तू नऊ मिलिमीटर म्हणालास. आणखी एक म्हणाला होतास, आईसमोर: "एकदा तरी मोजताना चुकायचं होतंस."

ते वाक्य मी विसरलेली नाही, एवढं सांगण्यापुरताच हा परिच्छेद.

इथे शीतगृह सांभाळणारे काका आहेत. रोज मला चिडवतात. "ताई, ११७ ची पेटी जागा अडवून बसलीय. मासे काय पाहुणे आहेत, राहा अजून चार दिवस म्हणायला?" काल साहेबांनीही विचारलं, "११७ कुठवर आलं?" मी म्हटलं, "चालू आहे, सर." चालू नव्हतं. मी रोज सकाळी पेटीचं झाकण उघडते, एकोणीस मोजते आणि झाकण लावते. मासे आपोआप कमी होणार नाहीत हे मला कळतं.

मला फक्त एक ओळ पाठव की यापुढे वर जाणार नाहीस. कारण देऊ नकोस. कबुलीही नको.

बहीण


१४ जानेवारी, बुधवार

दादा,

११७ ची नोंद आज झाली. तुझ्यावर काही येणार नाही. कसं ते विचारू नकोस. तू विचारणार नाहीसच, पण ते वाक्य माझ्यासाठी आहे.

वहिनी म्हणाल्या, उद्या पहाटे निघतो आहेस, पाचजण. इंजिनवाले मामा बरोबर आहेत हे ऐकून जरा धीर आला. ते आपले मामा कुठल्या नात्यानं, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. मला पोहायला शिकवायला त्यांनाच उभं केलं होतं, आठवतं? काठावर उभे राहून म्हणायचे, "बुडायला लागलीस तर हाक मार. मला पोहता येत नाही, पण ओरडतो मी झकास." त्यांच्या ओरडण्यालाच घाबरून मी पोहायला शिकले.

हवामानाच्या पत्रकात शुक्रवारसाठी वाऱ्याचा आकडा वाढवला आहे. सकाळी जो होता त्याच्या दीडपट. मी दोनदा पाहिला.

जायचंच असेल तर यंत्र चालू ठेव. खालच्या पाण्यात जाणाऱ्याला ते बंद करायची गरज नसते.

हे पाकीटही डब्याखालीच जाणार असेल, तर निदान डबा उचलताना अक्षर दिसेल.


१७ जानेवारी, शनिवार, सकाळी ९:२०

दादा,

हे पत्र कुणाच्या हाती द्यायचं ते माहीत नाही. प्रयोगशाळेत बसून लिहिते आहे. काका गोठलेले मासे वाहत्या पाण्याखाली धरून उभे आहेत. मासे बर्फातून मोकळे व्हायला अर्धा-पाऊण तास लागेल, आणि तोवर हातांना काम हवं.

तू काल संध्याकाळी यायचा होतास. वारा पत्रकापेक्षा जास्त होता. आज सात वाजता बंदराच्या कचेरीतून जहाज आणि विमान निघालं. खालच्या पाण्याकडे.

वहिनी तिथेच बाकावर बसल्या होत्या, चपला वेगवेगळ्या जोडांच्या. अधिकाऱ्यानं विचारलं, "कुठे गेले होते?" त्या म्हणाल्या, "खाली." त्यानं फॉर्म पाहिला, तिथेही खाली. मी त्यांना जिन्यात ओढून नेलं.

"वहिनी, खरं सांगा."

"खरं मलाही माहीत नाही, ताई. जागा घरी सांगायची नसते. सासऱ्यांनी सासूबाईंना जन्मात सांगितली नाही, यांनी मला नाही. खलाशांना पण दीपस्तंभ सुटल्यावर कळते. मला इतकंच पढवून ठेवलंय, कुणी विचारलं तर खाली म्हणायचं."

"तो वर गेलाय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माशांनी."

त्या म्हणाल्या, "मग तुम्ही सांगा. मी सांगितलं आणि ते दुपारी हसत परत आले, तर परवाना माझ्यामुळे गेला असं आयुष्यभर ऐकवतील. तुमचं काय, तुमच्याशी तसंही बोलत नाहीत."

बरोबर होतं. मी जिना उतरले.

आता १४ तारखेचं. मी नोंदवहीत लिहिलं होतं: नमुना ११७, शीतपेटीत बिघाड, मासे खराब, तपासणी शक्य नाही. खाली माझी सही. शीतपेटीत कसलाही बिघाड नव्हता. अकरा मासे मी तपासले होते आणि त्यांचा तक्ता माझ्या कपाटात होता. मला वाटलं होतं, खोटा आकडा लिहिला तर ते खोटं; आकडाच लिहिला नाही तर काहीच लिहिलं नाही. एकदा तरी मोजताना चुकायचं होतंस, असं तू म्हणाला होतास. मला चुकताही नीट येत नाही. मी मोजायचंच थांबवलं.

त्या अकरांचं खरं जर लिहिलं असतं, तर गेल्या आठवड्यात तुझा परवाना अडकला असता आणि आज म्हातारी धक्क्याला बांधलेली असती. तू पुन्हा तीन वर्षं बोलला नसतास. पण कुठे आहेस ते मला माहीत असतं.

साहेबांना सगळं सांगितलं. ते टेबलावर पेन ठेवून ऐकत होते.

"सही कुणाची आहे?"

"माझी."

"आणि बोट कुणाची?"

"भावाची."

"ते सोमवारी बघू. आता सांग, वर म्हणजे कुठे? वरचं पाणी ऐंशी मैल पसरलंय. एक विमान आहे आणि उजेड साडेचारपर्यंत."

अळी फक्त मासा कुठे वाढला ते सांगते. मग आठवलं की मी कल्ले पाहिलेच नाहीत. कल्ल्यांवर एक चपटी कीड असते, पाऊण मिलिमीटरची. ती कोमट पाण्यातच टिकते, थंड पाण्यात दोन-तीन आठवड्यांत गळून जाते. अळी जन्मगाव सांगते, तर कल्ला मासा गेल्या महिन्यात कुठे होता ते सांगतो. प्रत्येक माशाची दोन्ही तपासणी करायची असा नियमच आहे. मी यकृत पाहिलं, घाबरले आणि थांबले. पहिल्या अकरांची डोकी कचऱ्यात गेली.

उरलेले एकोणीसही फेकून द्या, असं मी काकांना बुधवारी सांगितलं होतं. आज धावत गेले, तर पेटी मागच्या फळीवर होती.

"तुम्ही खराब म्हणालात," काका म्हणाले, "पण वास येईना. खराब मासा मांजराला कळतो, मला नाही कळणार? म्हटलं, ताईंचं काहीतरी बिनसलंय. ठेवू चार दिवस."

मासे मोकळे झाले. उठते.


११:५०

एकोणिसांपैकी सतरा माशांच्या कल्ल्यांवर कीड आहे. साहेबांनी स्वतः एप्रन चढवून आठ मासे पाहिले. काका म्हणाले, हा एप्रन मी आल्यापासून खुंटीवरच बघतोय. कुणी हसलं नाही, मग तेच एकटे हसले.

वर वाढलेले मासे, आणि तरी महिनाभर कोमट पाण्यात होते. वरच्या पाण्यात कोमट जागा हिवाळ्यात एकच राहते. पूर्वेच्या कडेला, तळ जिथे एकदम खोल जातो तिथे गरम प्रवाहाची एक जीभ आत शिरते. साहेबांनी तापमानाचा नकाशा पसरला आणि पेन्सिलीनं खूण केली. नऊ मैल लांब, तीन रुंद.

ही बाबांची जागा असावी. जी त्यांनी आईला कधी सांगितली नाही, ती मी भिंगाखाली वाचली.

साहेबांनी बंदराच्या कचेरीला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "किडे बघून विमान वळवू?" साहेब म्हणाले, "हो. आणि लवकर वळवा."

डिसेंबरात गेलास तिथेच तू आताही गेलास, हे मी धरून चालले आहे. हे मोजलेलं नाही. विमानाला तिथे पोचायला चाळीस मिनिटं लागतील. आता मला करण्यासारखं काही नाही. काकांनी पाट्या धुतल्या. मी धुतलेल्या पाट्या पुन्हा धुतल्या.

पहिल्या पत्रात जी नोंद केली होती ती दुरुस्त करते. घाबरले आहे. २ तारखेपासून घाबरलेली आहे.


२१ जानेवारी, बुधवार

दादा,

रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, तुझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. वहिनी आत आहेत. तू काल संध्याकाळी पहिल्यांदा नीट बोललास असं कळलं. पाणी मागितलंस आणि मग मामांचं विचारलंस.

तुम्ही त्या पट्ट्याच्या दक्षिण टोकापासून चार मैलांवर होतात. विमानाला तराफा २:३५ ला दिसला. माणसं चार.

धाकट्या खलाशाशी मी बोलले. त्याच्या हातांना पट्ट्या आहेत. म्हातारी शुक्रवारी दुपारी खडकाला लागली. मामा इंजिनाशी होते, सगळ्यांत शेवटी बाहेर आले. तराफ्यात जागा होती, पण लाटेनं त्यांना दूर नेलं. अंगावर तरंगायचं जाकीट होतं. ते दिसत नव्हते, पण ऐकू येत होते.

"ओरडत होते, ताई," तो म्हणाला. "रात्रभर. शिव्या पण घालत होते आम्हाला, की झोपू नका रे गाढवांनो. शनिवारी उजाडेपर्यंत ऐकू येत होतं. मग नाही आलं."

शनिवारी सात वाजता विमान निघालं तेव्हा ते खाली गेलं. मी ते वर वळवलं तेव्हा बारा वाजायला आले होते. ही पाच तासांची गोष्ट झाली. दुसरी गोष्ट १४ तारखेची. दोन्हींपैकी कुठली जास्त माझी, हे मला ठरवता येत नाही. मी रोज ठरवायला बसते.

सोमवारी नोंद दुरुस्त केली. चुकीच्या ओळीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता यायला हवं, असा नियम आहे. रेघ मारली. वर लिहिलं: नमुना ११७, उत्तरेचा साठा, बंद भागातील मासे. यकृत तीसपैकी तीस तपासले. कल्ले तीसपैकी एकोणीस. पहिल्या अकरांचे कल्ले तपासणाऱ्याच्या हलगर्जीमुळे पाहिले गेले नाहीत. आधीची नोंद हेतुपुरस्सर खोटी होती. सही. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "हेतुपुरस्सर लिहायलाच हवं का?" मी म्हटलं, हवं. चौकशी माझीही होईल आणि तुझीही. परवाना जाईल. बोट तशीही नाही.

हे सगळं तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र वहिनींच्या हाती आत पाठवते.


पत्र परत आलं, म्हणून त्याच कागदावर खाली लिहिते.

वहिनी पाकीट तसंच घेऊन बाहेर आल्या.

"घेतलं नाही हातात. म्हणाले, डब्याखाली अशी तीन पडलीयेत, एकही उघडलेलं नाही. उघडली असती तर बरं झालं असतं का, असं मला विचारत होते. मी काय सांगणार? म्हणाले, मोजपट्टीला म्हणावं, कागद पुरे झाले, आत ये आणि तोंडानं सांग."

"काय सांगू?"

"अहो, तुम्ही जागा शोधून काढलीत, ते सगळ्या मजल्याला सांगून झालंय त्यांचं. नर्सलासुद्धा. माशाच्या कल्ल्यावरून शोधलं म्हणे माझ्या बहिणीनं. आभार-बिभार मानायच्या बेतात दिसतायत. मला तर आजवर कधी मानले नाहीत, तेव्हा बघून घ्या एकदा." त्यांनी माझा खांदा दाबला. मग माझं तोंड पाहिलं आणि हात काढून घेतला.

म्हणजे पाकिटं बंद आहेत, आणि तुला काहीच माहीत नाही. अकरा माशांचं नाही, १४ तारखेच्या नोंदीचं नाही. तुला वाटतं मी तुला वाचवलं. मी आत जाऊन गप्प बसले, तर निदान चौकशीपर्यंत तुला तसंच वाटत राहील. तू माझ्याशी बोलशील. मला हे किती हवं आहे, हे इथे लिहून ठेवते, कारण आत ते म्हणायची वेळ येणार नाही.

दार इथून चौदा पावलांवर आहे. आत गेल्यावर, तू तोंड उघडायच्या आधी, पहिला शब्द मी "अकरा" हाच म्हणणार आहे. तो एकदा उच्चारला की अकराचं काय, असं तू विचारशील, आणि मग मागे फिरता येणार नाही.

वहिनींनी दार उघडं धरलं आहे.